सवलत आणि सोय : वर्ग भरण्याआधीची जबाबदारी



आजचा विषय जाहीर झाला तो असा : 'दिव्यांग विद्यार्थी आणि विद्यापीठातलं अध्यापन'. नाव जरा जड आहे. पण मला जे म्हणायचं आहे ते दोन साध्या मराठी शब्दांत मांडता येईल. सवलत आणि सोय. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 'विद्यार्थ्याला सवलत दिली' आणि 'विद्यार्थ्याची सोय केली' ही वाक्यं आपल्या कानाला सारखीच वाटतात. ती सारखी नाहीत. सवलत मागावी लागते. ती देणारा कुणीतरी असतो. तो देईल किंवा नाकारेल. दिली तर ती दिल्याचं त्याला आठवत राहतं, आणि घेणाऱ्यालाही ते विसरता येत नाही. सोय आधीपासून असते. तिचा उपयोग करणाऱ्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. तुमच्यातले बरेच जण आज मरोळ नाक्याला मेट्रोने उतरून आला असाल. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या स्थानकांचा आराखडा काढतानाच लिफ्ट धरलेली होती, जमिनीवरच्या उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्या धरलेल्या होत्या, गाडीतल्या घोषणा धरलेल्या होत्या. त्या लिफ्टने व्हीलचेअरवरचा माणूस जातो, सामान घेतलेली बाई जाते, माझ्या वयाचे गुडघे जातात. (हशा) कुणी प्रमाणपत्र मागत नाही. लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे 'बीप बीप' असा आवाज येत असतो, तोही तुम्ही ऐकला असेल. गाडी येण्याआधीपासून तो चालू असतो. अंध प्रवाशाने आधी स्टेशन मास्तरकडे अर्ज करायचा, तो मंजूर झाला की आवाज सुरू व्हायचा, अशी पद्धत असती तर गाडी केव्हाच निघून गेली असती.

माझी टीका अशी, की आपली विद्यापीठं नेमकी या पद्धतीने चालतात. अर्ज आला की आवाज सुरू. आणि तोही बहुतेक परीक्षेपुरता. ज्याला शिकवणं म्हणतात, जे वर्षभर वर्गात चालतं, त्याला अजून हातच लागलेला नाही.

कायदा काय म्हणतो

आधी कायद्याकडे पाहू, कारण या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा पुढे आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि ते एकवीस झाले. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव झाल्या. याच कायद्यात दोन वेगळ्या कल्पना आहेत. पहिली सुगम्यता. म्हणजे इमारत असो, वाहन असो, माहिती असो, ती मुळातच सगळ्यांना वापरता येईल अशी बनवणं. दुसरी वाजवी तजवीज. म्हणजे एवढं करूनही एखाद्या व्यक्तीची जी खास अडचण उरते, तिच्यासाठी केलेला खास बदल.

या दोहोंतला फरक सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केला. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाने २००५ साली केलेली ही याचिका. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की सुगम्यता ही आधीची जबाबदारी आहे, गरजवंत दारात येण्यापूर्वीची. वाजवी तजवीज ही तो आल्यानंतरची. एक केली म्हणून दुसरी टळत नाही. याच निकालाने २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण सरळ आहे. कायदा म्हणत होता 'केलंच पाहिजे', आणि त्या नियमाखाली गोळा झालेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणत होती 'केलंत तर बरं होईल'. किमान बंधनकारक नियम कोणते ते वेगळे काढायला न्यायालयाने सरकारला तीन महिने दिले.

यावर एखादा प्राध्यापक म्हणेल, हे सगळं इमारतींचं आणि रस्त्यांचं झालं, माझ्या व्याख्यानाशी याचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि तोही न्यायालयाने आधीच जोडलेला आहे. १५ डिसेंबर २०१७ च्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपच्या याचिकेवरच्या निकालात पाच टक्के जागांच्या बरोबरीने शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्नही घेतलेला आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला समिती नेमून त्याचा विचार करायला सांगितलं आहे. पुढे २०२२ मध्ये आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं काढली. दस्तऐवज चांगला आहे. पण पुन्हा तेच, 'मार्गदर्शक तत्त्वं'. पंधराव्या नियमाचा जो आजार न्यायालयाने ओळखला, तोच इथेही आहे. मार्गदर्शन करणारे पुष्कळ, पाळलं नाही तर विचारणारं कुणी नाही.

परीक्षेची काळजी, वर्गाचं काय?

परीक्षेच्या बाबतीत मात्र आपण बरंच पुढे आलो आहोत, हे मान्य करायला हवं. केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी लेखनिक दिला, दर तासाला किमान वीस मिनिटं जादा दिली. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नसलं तरी लिहिताना खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश यांच्या खटल्यात, लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला नीटच्या परीक्षेत जादा वेळ नाकारला गेला त्याबद्दल न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला धारेवर धरलं. पण परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश काही मिळाला नाही. वेळ गेली होती. सवलतीच्या व्यवस्थेत हे असं होतं. न्याय मिळतो तोवर पेपर संपलेला असतो.

या सगळ्या लढाया मोलाच्या आहेत. पण एक गोष्ट बघा. त्या सगळ्या परीक्षेच्या खोलीतल्या आहेत. मुलगा काय शिकला हे मोजताना त्याच्यावर अन्याय होऊ नये, याची आपण काळजी घेतो. त्याला शिकायला मिळालं का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो आपण विचारत नाही. ज्या पुस्तकातलं पानही त्याला वाचता आलेलं नाही, त्यावर उत्तर लिहायला एक तास जास्त देऊन काय होणार?

एक साधा हिशोब मांडू. समजा एका अंध मुलीने बी.ए.ला प्रवेश घेतला. सत्र पंधरा आठवड्यांचं. पहिला आठवडा प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवण्यात गेला. दुसऱ्यात अर्ज प्राचार्यांकडे. तिसऱ्यात तो विभागाकडे. चौथ्यात शिक्षकांनी मनापासून 'हो, देतो ना' म्हटलं. पाचव्यात नोट्स आल्या, त्या फोनवरून काढलेल्या फोटोंच्या स्वरूपात. सहाव्यात कुणी मैत्रिणीने त्या वाचून रेकॉर्ड करून दिल्या. या साखळीत एकही माणूस वाईट नाही. प्राचार्य चांगले, शिक्षक चांगले, मैत्रीण तर फारच चांगली. तरी सत्राचा तिसरा हिस्सा गेला. आणि हे एका विषयाचं झालं. असे पाच-सहा विषय, आणि पुढच्या सत्रात नवे शिक्षक, पुन्हा पहिल्यापासून. चांगल्या माणसांनी मिळून केलेला हा अन्याय आहे, म्हणूनच तो कुणाला दिसत नाही.

उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण विद्यार्थी चार कोटींहून अधिक होते. त्यांतले दिव्यांग सुमारे ७९ हजार. हजारात दोन. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात बावीस. जनगणनेचा आकडा सगळ्या वयांचा आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून नेमकी वजाबाकी करू नये. पण बावीस आणि दोन यांच्यातलं अंतर नुसत्या वयाने भरून निघणारं नाही. बरीच मुलं आपल्या दारापर्यंत येतच नाहीत.

आधी तयार ठेवायचं म्हणजे काय

आता कुणी म्हणेल, मोठमोठी यंत्रं लागतील. नाही. बरंचसं काम अगदी साधं आहे.

मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट टंकलेखनाची. आपल्याकडे कितीतरी नोट्स, प्रश्नसंच, अगदी पुस्तकांच्या प्रतीसुद्धा श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो मुखवटा पाहत नाही. तो आतली अक्षरं वाचतो, आणि कानावर अर्थहीन बडबड येते. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो मराठी म्हणून वाचला जातो. यासाठी पैसे लागत नाहीत. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध मित्रांनी तो २००६ पासून विकसित केला, आणि तो मराठी वाचतो. वाईचा मराठी विश्वकोश आज युनिकोडमध्ये इंटरनेटवर आहे. म्हणजे विश्वकोशातली 'अनुमान' ही नोंद अंध विद्यार्थी स्वतः वाचू शकतो, पण त्याच्याच प्राध्यापकाने अनुमानावर काढलेल्या नोट्स वाचू शकत नाही. कारण त्या नोट्स एका हस्तलिखिताचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो आहेत.

दुसरी गोष्ट बोलण्याची. फळ्यावर बोट ठेवून आपण म्हणतो, 'हे इथून इकडे गेलं की ते तसं होतं.' या वाक्यात एकही नाम नाही. (हशा) जो फळा पाहू शकत नाही त्याला काही मिळालं नाही. खरं सांगायचं तर मागच्या बाकावरच्यालाही काही मिळालं नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणं ही याचीच बहीण. ओठ पाहून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आपली पाठ म्हणजे बंद दरवाजा.

माझ्या विषयातलं एक उदाहरण देतो. तर्कशास्त्रात संवाक्य शिकवताना आपण वर्तुळं काढतो. मर्त्यांचं मोठं वर्तुळ, त्यात माणसांचं छोटं, त्यात सॉक्रेटिसचा ठिपका. मग प्रश्न येतो, अंध विद्यार्थ्याला हे कसं शिकवायचं? पण ऑयलरची वर्तुळं अठराव्या शतकातली आणि व्हेनच्या आकृत्या १८८० मधल्या. अॅरिस्टॉटलने त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी हे तर्कशास्त्र एकही वर्तुळ न काढता उभं केलं. आपल्या नैयायिकांचा पंचावयवी न्याय, पर्वतावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हाही तोंडी वादातून घडला. म्हणजे वर्तुळ हे तर्कशास्त्र नाही. ते डोळसांची काठी आहे. अंध विद्यार्थ्यासाठी पाठ नव्याने बांधायला बसलं, की आपण शिकवतो त्यातला गाभा कोणता आणि काठी कोणती, हे उमगतं. मात्र ही बांधणी तासाच्या मध्यावर, तो विद्यार्थी हात वर करून 'सर, काय काढलंत?' असं विचारेल तेव्हा होत नाही. ती आधी करावी लागते.

म्हणून मौखिक परंपरेचे फार गोडवे गाऊ नयेत, हेही सांगतो. ती परंपरा बहिऱ्यांना बाहेरच ठेवत होती, आणि कुणाच्या कानावर काय पडावं यावरही तिने जातीचे पहारे बसवले होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि जन्मबधिरांना वारसा हक्कातूनच वगळलं आहे. आपल्याला जी सोय करायची आहे तिच्यासाठी मागे पाहून भागणार नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या बाबतीत 'आधी' हा शब्द आणखी महत्त्वाचा आहे. समजा संस्थेने भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी दिला. इथून जवळच, वांद्रे रेक्लमेशनला, १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाणी आणि श्रवण या क्षेत्रातली ही मोठी संस्था आपल्याच शहरात आहे, म्हणजे मुंबईत कुणाला विचारावं हा प्रश्न पडू नये. पण वर्गात 'प्रामाण्य', 'उपाधी', 'व्याप्ती' असे शब्द आले की दुभाषी काय करणार? त्यांना ठरलेल्या खुणा नाहीत. दुभाष्याला आणि विद्यार्थ्याला मिळून त्या आधी ठरवाव्या लागतात. त्यासाठी व्याख्यानाचा मजकूर दोन-चार दिवस आधी हातात हवा. तो नसेल तर दुभाषी नेमूनही वर्ग बंदच राहतो, आणि कागदोपत्री मात्र सोय झालेली असते.

अज्ञानाचा पडदा

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवायला बसलेल्या लोकांना आपण स्वतः त्या समाजात कोण असणार, हे माहीत नाही अशी कल्पना करा. श्रीमंत की गरीब, हुशार की साधे, काही ठाऊक नाही. या 'अज्ञानाच्या पडद्या'आड बसून ठरवलेले नियम न्याय्य असतील, कारण कुणाचं नशीब आपल्या वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. गंमत अशी, की रॉल्स यांनी अपंगत्वाचा प्रश्न मात्र पुढे ढकलला. सगळे जण सर्वसाधारण क्षमतेचे आहेत असं धरून आधी सिद्धान्त मांडू, बाकीचं मागाहून पाहू, असं त्यांचं धोरण. मार्था नुसबॉम यांनी २००६ मध्ये याच जागेवर बोट ठेवलं. 'मागाहून पाहू' म्हटलेली माणसं नियम ठरताना हजरच नसतात. मागाहून आली की ती अपवाद म्हणून येतात.

ही चर्चा आपल्या विषयाला कशी लागू पडते पाहा. मे महिन्यात शिक्षक पुढच्या वर्षाचं नियोजन करायला बसतो. जूनमध्ये वर्गात कोण येऊन बसणार, हे त्याला ठाऊक नसतं. रॉल्स यांना ज्याची कल्पना करावी लागली, तो पडदा शिक्षकासमोर दरवर्षी खराच असतो. पण त्या पडद्याआड बसून तो काय करतो? एक विद्यार्थी गृहीत धरतो. ज्याला दिसतं, ऐकू येतं, तीन जिने चढता येतात, जो झरझर वाचतो, झरझर लिहितो, आणि कधी आजारी पडत नाही. असा विद्यार्थी आपण गृहीत धरला आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. 'मला माहीत नव्हतं' ही सबब आपण नेहमी ऐकतो. माझं म्हणणं उलट आहे. माहीत नसणं हेच आधी तयारी करण्याचं कारण आहे.

पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रात समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तर द्यायचा अधिकार नाही. तेव्हा आक्षेप पाहू.

पहिला आक्षेप : 'माझ्या वर्गात दिव्यांग कुणी नाही.' कायद्यातले एकवीस प्रकार डोळ्यांपुढे आणा. त्यातले कितीतरी दिसत नाहीत. अध्ययन-अक्षमता दिसत नाही. कमी ऐकू येणं दिसत नाही. थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार यादीत आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या शिक्षकांना सिकलसेल चांगला माहीत आहे. वेदनांचा झटका आला की मुलगा आठवडाभर वर्गात येत नाही. त्याला रॅम्प नको आहे, लेखनिक नको आहे. बुडालेल्या तासांचा मजकूर हवा आहे. आणि ज्या मुलांना आपली अडचण वर्गात जाहीर करायची नाही, त्यांना ती जाहीर न करण्याचाही हक्क आहे. सवलतीच्या व्यवस्थेत तो मिळत नाही, कारण तिथे आधी स्वतःचं अपंगत्व सिद्ध करावं लागतं.

दुसरा आक्षेप : 'यामुळे दर्जा खालावेल.' दर्जा कशाचा, हे आधी ठरवा. तत्त्वज्ञानाच्या पेपरात आपण युक्तिवाद तपासतो की हाताचा वेग? हाताचा वेग तपासत असू तर तसं अभ्यासक्रमात लिहा. नसू, तर वेग बाजूला काढल्याने दर्जा कमी होत नाही. आपण काय तपासतोय ते उलट स्वच्छ होतं.

तिसरा आक्षेप : 'प्रत्येकाची गरज वेगळी, सगळ्यांसाठी आधीच कशी तयारी करणार?' हे खरं आहे, आणि याला अॅरिस्टॉटलचं उत्तर आहे. तो म्हणतो, नियम सर्वसाधारण असतो, म्हणून कधीतरी तो कमी पडतोच. तिथे लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांसारखी शिशाची पट्टी वापरावी, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. वाजवी तजवीज म्हणजे ही शिशाची पट्टी. पण कोणताही गवंडी अख्खी भिंत शिशाच्या पट्टीने मोजत नाही. आधी सरळ ओळंबा लावतो. आपण ओळंबा लावायचं सोडून दिलं आहे आणि प्रत्येक दगडापाशी पट्टी वाकवत बसलो आहोत. त्यात शिक्षकही दमतो आणि विद्यार्थीही.

चौथा आक्षेप सगळ्यात जड आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. तो म्हणजे वेळ आणि पैसा. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. घेतलेल्या तासाचे पैसे, तयारीचे नाहीत. सुट्टीत उत्पन्न नाही. अशा शिक्षकाला 'मे महिन्यात बसून सगळं साहित्य युनिकोडमध्ये करा' असं सांगणं म्हणजे एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करणं. म्हणूनच ही जबाबदारी शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. ती संस्थेची आहे. तयारीचे तास मोजा, त्यांचे पैसे द्या, टंकलेखनाला माणूस द्या. सोय म्हटली की तिला खर्च असतोच. स्थानकातली लिफ्ट कुणी फुकट बसवली नव्हती.

फोटोत न येणारी गोष्ट

संस्था काय करतात? नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठीच्या सुविधांबद्दल प्रश्न आहे. रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, वाचनाची सॉफ्टवेअर, लेखनिक. आणि पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो. मग मूल्यांकनाच्या आधी रॅम्प होतो, फोटो निघतो. रॅम्प हवाच. पण रॅम्पवरून चढून मुलगी वर्गात आली आणि पुढचे पन्नास मिनिटं तिला काहीच मिळालं नाही, तर त्या 'नाही'चा फोटो काढता येत नाही. जे फोटोत येत नाही ते निकषात येत नाही, आणि निकषात नाही ते होत नाही.

याच शहरात चांगलं कामही उभं राहिलं आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र चालतं. डॉ. सॅम तारापोरवाला यांनी ते घडवलं. पुस्तकं वाचता येतील अशा स्वरूपात आणण्यापासून ते कॉपीराइट कायद्यातल्या बदलाच्या मागणीपर्यंत त्या केंद्राचं काम गेलं. २०१२ मध्ये तो कायदा बदलला. अंध वाचकासाठी पुस्तकाचं रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी घेण्याचं बंधन गेलं. पुढे २०१३ चा मराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये तो अनुमोदित करणारा भारत हा पहिला देश ठरला. म्हणजे 'कायदा आड येतो' ही सबब २०१२ मध्येच संपली आहे.

मला धोका दिसतो तो इतर संस्थांच्या वागण्यात. एक केंद्र उघडायचं, एक समन्वयक नेमायचा, आणि विभागांनी म्हणायचं, 'दिव्यांगांचं ना? तिकडे खालच्या मजल्यावर.' मग मराठी विभाग, इतिहास विभाग, तत्त्वज्ञान विभाग आपापल्या जागी होते तसेच. केंद्र हे विभागांना शिकवण्यासाठी असायला हवं. ते विभागांची सुटका करण्यासाठी नाही.

नावांचंही तसंच झालं. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, तो सरकारी कागदांवर आला. मी तो वापरतो, कारण कायद्यात तो आहे आणि अनेकांना तो आवडतो. काहींना आवडत नाही, तेही योग्यच. पण अंगाला दिव्य म्हटल्याने पीडीएफ वाचता येत नाही. (हशा) सन्मान शब्दात द्यायचा आणि वेळापत्रकात द्यायचा नाही, याला सन्मान म्हणत नाहीत.

आत्ता करता येण्यासारखं

शेवटी मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. तिन्ही तपासता येण्यासारख्या आहेत.

एक. अभ्यासमंडळाने पुस्तक नेमतानाच विचारावं, याची स्क्रीन रीडरने वाचता येईल अशी प्रत आहे का? नसेल तर ती तयार होईपर्यंत ते सक्तीच्या वाचनात घालू नये. आज ही वेळ मोलाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत, एकेक वर्ष पुढे सरकत. एवढं मोठं लेखन पुन्हा लवकर होणार नाही. आराखडा हातात असताना लिफ्ट धरली तर ती स्वस्त पडते. इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडावी लागते.

दोन. प्रवेश अर्जात 'अपंगत्वाची टक्केवारी' हा रकाना असतो. आरक्षणासाठी तो लागतो, राहू द्या. त्याच्या खाली प्रत्येक विद्यार्थ्याला, दिव्यांग असो वा नसो, एक प्रश्न विचारा : 'तुम्हाला शिकण्यासाठी काय लागेल?' टक्केवारीवरून डॉक्टरला काही कळत असेल. शिक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

तीन. सत्र सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक विषयाची वाचनसूची आणि पहिल्या चार आठवड्यांचं साहित्य युनिकोडमध्ये सर्वांसाठी खुलं असावं. सर्वांसाठी, मागणाऱ्यासाठी नव्हे. साकीनाक्याहून दोन बस बदलून कलिन्याला जाणाऱ्या, संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलालाही ते उपयोगी पडेल. मेट्रोची लिफ्ट जशी सगळ्यांना उपयोगी पडते तसंच.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना माझी विनंती आहे, की संपूर्ण सत्राचं ओझं एकदम उचलू नका. पहिल्या व्याख्यानाचं साहित्य घ्या आणि ते फोनमधल्या वाचकाकडून मोठ्याने वाचून घ्या. काय ऐकू येतं ते पाहा. आणि जे पालक आहेत, नागरिक आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाला एवढंच विचारावं : 'दिव्यांग विद्यार्थ्यासाठी पहिल्या दिवशी काय तयार असेल?' परीक्षेच्या सवलतींची यादी ते लगेच देतील. ती घ्या, धन्यवाद म्हणा, आणि पुन्हा विचारा, पहिल्या दिवशी काय तयार असेल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.